पान उचलण्याआधी

आई, आज खाणावळ बंद ठेवली. सुतकाचे दिवस सोडले तर असं कधी झालं नव्हतं, म्हणून आधी तुला सांगतो. सकाळी दाराला कडी घातली आणि ओसरीवर बसून राहिलो. नेहमीचे चार कारकून आले, कडी पाहिली आणि काही न विचारता स्टेशनाजवळच्या नव्या खाणावळीकडे वळले. त्यांचा राग आला नाही. राग यायलाही अंगात त्राण लागतं. माझी पन्नाशी उलटली, वाढायला वाकलो की गुडघे कुरकुरतात, आणि तू लावलेली सवय तुझ्या माघारी वीस वर्षं पाळून मी आता थकलो आहे.

वडील गेल्यावर ठाण्याचं बिऱ्हाड मोडून आपण कल्याणला आलो, तेव्हा मला कचेरीत चिकटायचं होतं. तू म्हणालीस, कचेरीतले लोक कुठेतरी जेवतच असतील, आपण त्यांना जेवू घालू. दोन खोल्या, एक ओसरी, मागे गाय. तू चुलीशी, मी पंगतीत. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तू बोटाला लागलेली आमटीसुद्धा चाखायची नाहीस, आणि नैवेद्य झाला की लगेच पंगत बसायची. मीठ कमी पडलं की जास्त झालं, हे कळायला तुझ्याकडे एकच वाट होती. जेवून लोक उठले की मी उष्टी पानं उचलायचो, आणि तू सोवळ्यात असल्यामुळे दाराआड उभी राहून म्हणायचीस, "थांब. दाखव." मी एकेक पत्रावळ पुढे धरायचो. तू हात न लावता बघायचीस, कुणी काय टाकलं, कुणी काय बाजूला सारलं. मग ती गाईपुढे जायची. मला आधी याची लाज वाटे. उष्ट्यात काय बघायचं, असं मी एकदा म्हणालोही. तू म्हणालीस, "तोंडावर कुणी वाईट म्हणत नाही रे. पानावर म्हणतात."

भाकरीचं आठवतं? घाटावरून बदलून आलेले दोघे रोज भात अर्धा टाकायचे. मी म्हटलं, आपल्याकडे भातच, पटत नसेल तर जातील दुसरीकडे. तू चार दिवस त्यांची पानं पाहिलीस आणि पाचव्या दिवशी शेजारच्या जुन्नरकडच्या बाईंकडे भाकरी शिकायला जाऊन बसलीस. चाळिशीला आलेली तू, आणि तुझ्या हाताखाली ज्वारीचं पीठ नुसतं फाटतंय. पहिल्या आठवड्याच्या भाकऱ्या गाईनेच खाल्ल्या, त्याही नाइलाजाने. मी हसलो. तुला त्याचं काहीच वाटलं नाही. "आज कडा चिरल्या, मधे बरी झालीय. उद्या पाणी जरा कढत घेऊन बघते," एवढंच बोललीस. रोज दोन भाकऱ्या, एकही दिवस न चुकता. महिन्याभराने ते दोघे आणखी चार जणांना घेऊन आले. आपली खाणावळ तिथून उभी राहिली, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला वाटे की तुझ्या हाताला मुळातच चव आहे. तुला तसं म्हटलेलं आवडायचं नाही.

आणि तो दिवस, ज्या दिवशी मी फुशारक्या मारत आलो होतो. तार-ऑफिसातला नवा मुलगा, विशीचा, पहिल्याच दिवशी पान लख्ख करून उठला होता. मी ते पान दारापुढे नाचवतोय. "आई, बघ, एक शीत नाही." तू पान पाहिलंस आणि तुझा चेहरा उतरला.

"ताकभाताला विचारलंस?"

"विचारलं. नको म्हणाला."

"किती वेळा?"

"एकदा."

"परक्या घरी एकदा विचारलं तर कोण हो म्हणेल? उपाशी उठला तो. जा, बोलावून आण."

मी स्टेशनापर्यंत गेलो, पण तो कामावर बसला होता. त्या दिवशी तू स्वतःचं जेवण बाजूला सारलंस. तेव्हापासून मी तीनदा विचारतो आणि भरलेल्या पानापेक्षा रिकाम्या पानाला जास्त भितो. लोक म्हणतात, तुमच्याकडे आग्रह फार. त्यांना काय माहीत.

तू गेल्यावर दारामागे कुणी नव्हतं, तरी मी पानं उचलून तिथे थांबत राहिलो. आता तुझी सून चुलीशी असते. तिचा हात तुझ्याहून हलका आहे, हे तू रागावणार नाहीस म्हणून लिहितो. दोघांनी मिळून पुष्कळ चुका केल्या, बऱ्याचशा दुसऱ्या दिवशी सुधारल्या. नवी खाणावळ झाली तेव्हाही मी पानंच पाहत बसलो आणि निम्मी माणसं टिकवली.

काल दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी तिचं पान उचललं. भात तसाच होता, एका बाजूने दोन घास गेलेले. मी विचारलं, काय होतंय. म्हणाली, "काही नाही हो. उन्हाने. तुम्ही पाट उचला." परवाचं आठवून पाहिलं, त्याच्या आदल्या दिवसाचंही. तसंच होतं. म्हणून आज कडी घातली आणि वैद्यबुवांना घरी आणलं. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, काढा दिला आणि महिनाभर चुलीपुढे बसायचं नाही म्हणून बजावलं. वेळेवर बोलावलंत, असंही म्हणाले. ती आत धुसफुसते आहे. "एका पानापायी घर बंद केलंत. महिन्याने कोण परत येणार आहे?" तिचंही खोटं नाही. उद्यापासून चूल मीच पेटवणार आहे. भात जमेल. भाकरी फाटतील. गाय तीच नाही, पण खाईल.

हे पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्नच नाही. उद्या विस्तव करताना हाच कागद हाताशी येईल. त्याआधी एक लिहून ठेवतो. तुझी कंबर धरल्यापासून तुझं पानही मीच उचलायचो. तुझ्या पोटात गाठ होती आणि ती कुणालाच कळली नाही, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. मामाला सांगितलं, तुझ्या सुनेला सांगितलं. दुसरी पंगत बसायची असायची, गाडी उशिरा आलेली असायची, मी तुझं पान न बघताच गाईपुढे टाकलं, असंही सांगितलं. ते खरं नाही, आई. आठ दिवस मी रोज पाहिलं होतं. भात तसाच होता. मी तुला एकदाही विचारलं नाही.