लवंगेच्या वासाची विभूती

हैदराबाद, सोमवार

तीर्थरूप आप्पांस, गिरिजेचा इथूनच पायांवर डोकं ठेवून शरणार्थ. आम्ही दोघं खुशाल आहोत, घोर करू नये.

तुमचं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. "बंडप्पानं आणलेल्या विभूतीला लवंगेचा वास येतो, महादेव लई खूश दिसतो." आप्पा, ती विभूती न्हाय, दातांची राखुंडी! गोवरीची राख, मीठ, लवंग मीच कुटून, मठातल्या विभूतीच्या पुडीसोबत गावी परतणाऱ्या बंडप्पाच्या हाती पाठवली होती. म्हणजे ती कपाळाला लागली, अन् मठातली विभूती हिरड्यांना? शिवा शिवा!

उरलेली टाकू नका, लढाईमुळं लवंग महाग झाली आहे. बोटानं हलकी लावा, मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरा. मिशरी मात्र सोडाच.

हिरड्यांतून रक्त येतं, तुम्ही नुसत्या ताकावर निजता, हे मला बंडप्पाकडून कळावं का? सास्तूरला तुमच्या ताटाशी बसायला कुणी न्हाय, म्हणून जीव तुटतो. शेजारच्या मल्लम्माकाकू भाकरी मऊ करून देतात का? ताकात कुस्करा, पण जेवा.

हे दौऱ्यावर असले की मीही कुस्करूनच खाते. दात चांगले आहेत. पण रिकाम्या घरात आपल्याच चावण्याचा आवाज फार मोठा येतो.

तुमची लेक,
गिरिजा