टाकीवर कोण चढलं?

३ मार्च
भाऊजींचं पुस्तक आलं. आमच्या साप्ताहिकाचा इतिहास! सायकलच्या दुकानावरची ती खोली, मोठे पेपर जे दाबायचे ते छापणारी आमची चार पानं, पार बंद पडेपर्यंतचं सगळं.

माझं नाव शोधलं. नावही नाही — 'चहापाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या वहिनींचे आभार.'

वा!

४ मार्च
टाकीचं प्रकरण वाचलं. अंगाची लाही झाली. सगळं शहर ज्या टाकीचं पाणी पीत होतं तिच्यात कबुतरं मरून पडलेली, आणि कंत्राटदार म्हणे टाकी दर महिन्याला धुतो. भाऊजी लिहितात, 'मी शिडी चढलो, झाकण उचललं.' चढलो! बल्ब बदलायला स्टुलावर उभं राहिलं तरी ह्या माणसाचे पाय लटपटतात! मला पाचवा महिना होता, मी चढले. हा खाली उभा राहून 'जपून हं, वहिनी' करत होता. बातमीही मीच लिहिली, एका बैठकीत.

बातमीखाली कुणाचंच नाव द्यायचं नाही, हा नियम त्याचाच. 'नाव छापलं की मान सापडते.' मला पटलं होतं. अजूनही पटतं. म्हणूनच जास्त लागलं.

६ मार्च
ह्यांना सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, 'जाऊ दे ना. नाव घरातच राहिलं की नाही?'

घरातच! धाकट्या भावाचं काही चुकतच नाही. भांडी आपटली, दुसरं काय करणार.

७ मार्च
भाऊजींना फोन केला. 'अहो वहिनी, आपल्यात नावं कुठे होती? कुणाकुणाचं काय आठवणार?'

स्वतःचं बरं आठवलं!

१५ मार्च
प्रकाशन. शाल, टाळ्या. शेजारच्या मुलीने विचारलं, 'काकू, तुम्हीही होतात पेपरात?' मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, 'हिची फार मदत असायची हं.'

२ एप्रिल
कंत्राटदार आता बडं प्रस्थ. पुस्तकातल्या टाकीच्या प्रकरणावरून भाऊजींवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकलाय. संध्याकाळी दारात उभे, तोंड एवढंसं झालेलं. 'वहिनी, वकील विचारतोय टाकीत नक्की काय दिसलं. मला काय माहीत! बातमी तुमची. कोर्टात सांगाल ना?'

हे मागून खुणावत होते — नको, नको.

मी म्हटलं, 'सांगेन की. शिडी मी चढले, झाकण मी उचललं, बातमी मी लिहिली. आणि तुम्ही खाली उभे होतात, तेही सांगेन.'