मारुतीचा पोळ आणि अर्जदाराचा हुरडा

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तालुका आष्टी, जिल्हा बीड

अर्जदार : उत्तरेश्वर बिन त्रिंबक, काश्तकार, मौजे खडकवाडी, कड्यानजीक

विषय : अर्जदाराने स्वतःच कोंडवाड्यात घातलेला पोळ लिलावाआधी सुटणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचाच मागील आठवड्याचा तक्रारअर्ज, जो अतिशय रागात केला होता.

मेहेरबान साहेब,

१. अर्जदाराच्या ओढ्याकाठच्या ज्वारीत देवाला सोडलेला एक वळू, म्हणजे पोळ, ऐन हुरड्यात शिरला. खाल्ले त्याचे एवढे दुःख नव्हते. पण पोट भरल्यावर तो तिथेच लोळला आणि राखणीची खोप शिंगांवर घेऊन बांधाबांधाने हिंडला. इतरांच्या रानात तो जाता जाता तोंड मारतो, मुक्कामाला मात्र दरसाल अर्जदाराकडेच येतो. अर्जदाराने सहा गडी लावून त्यास कोंडले आणि नुकसान कोणाकडून घ्यावे, असे हुजुरांस विचारले.

२. कोंडवाड्याचे कारकून बंकट यांनी रीतीप्रमाणे मालकाचे नाव विचारले. अर्जदाराने तावातावाने मारुतीचे नाव सांगितले. तेच वहीत चढले : मालक मारुती, राहणार वेशीजवळ. मुदतीत मालक हजर न झाल्याने येत्या बाजारी लिलाव ठरला. तेव्हा अर्जदारास फार आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

३. परवा अर्जदाराची आई चंद्रभागाबाई पोळ पाहण्यास आली. सहा गड्यांना न आवरलेल्या त्या जनावराने तिच्या पदरात तोंड घातले. तिची जबानी तिच्याच शब्दांत :

"अरं, ह्यो आपल्या कपिली गाईचा गोऱ्हा हाय. दहा वर्सांमागं तू गाठीच्या तापानं पडलतास, तवा म्या ह्याला मारुतीला सोडला अन् तुला मागून घेतला. तुजा लई जीव व्हता त्याच्यावर, म्हनून तुला सांगितलं, गोऱ्हा मेला. आता ह्याला कशापायी डांबलास?"

तेव्हा अर्जदारास त्या मुक्कामाचा उलगडा झाला. पोळ दरसाल आपल्या घरी येत होता.

४. अर्जदार त्यास सोडवू लागला, तर बंकट म्हणतात मालकाची सही आणा. मारुती सही करीत नाही. अर्जदाराने मालक म्हणून नाव लावावे, तर आई म्हणते, "देवाला दिलेलं परत घ्यायचं न्हाई." शिवाय मालक कोण ठरतो, याकडे अख्खे गाव कान लावून आहे. सुभद्राबाईंनी परसाच्या मोडक्या कुंपणाचा दावा तयार ठेवला आहे. गहिनीनाथ यांनी तर दहा वर्षांमागच्या कांद्याच्या नुकसानीची आठवण काढली. तेव्हा पोळ दुधावर होता.

५. अर्जदाराने पळवाटा पुष्कळ शोधल्या. परंतु पोळ देऊन आणलेला जीव अर्जदार दहा वर्षे सुखाने वापरीत आहे. तेव्हा हुरड्याची तक्रार त्याने कोणत्या तोंडाने करावी?

सबब मागील तक्रार रद्द करावी आणि पोळ सोडावा. वहीत मालक म्हणून मारुतीच राहू द्यावा. यापुढे पोळ जे मोडेल ते अर्जदार बांधून देईल, जे खाईल ते पेरून देईल. गहिनीनाथांचा कांदा तेवढा नामंजूर व्हावा.

सोबत : जबानीवर चंद्रभागाबाईंचा अंगठा.
तारीख १२ बहमन, सन १३२५ फसली.

हुकूम येईपर्यंत कोंडवाड्याच्या दारात वैरण घेऊन बसलेला, आपला नम्र

उत्तरेश्वर बिन त्रिंबक
सदर पोळाच्या फक्त नुकसानीपुरता मालक