चार ते पाचचा तास

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय ताई,

प्रभूच्या नावाने सलाम. आम्ही इकडे ठीक, म्हणजे उठतो, जेवतो, कामावर जातो. तुझे गुडघे काय म्हणतात? भाओजींचा खोकला थांबला का?

दादाला जाऊन आज तीन आठवडे झाले. मी कारखान्यात पुन्हा जायला लागले आहे. तेच शर्ट तपासणं, दिव्याखाली तेच डोळे फोडणं. सुटलेली शिवण सापडली की गठ्ठ्यावरची चिठ्ठी बघायची, म्हणजे कुणाच्या हातचं काम ते कळतं. साहेब म्हणतात, बाईंना दोष सापडला नाही तर जेवण जात नाही. खरं आहे. म्हणून तर हे पत्र.

वहिनीने चर्चला येणं सोडलं आहे. बायबल कपाटात चादरींखाली ठेवून दिलंय. त्या शुक्रवारी मंडळीने दादासाठी प्रार्थनेची साखळी धरली होती ना, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा जण, प्रत्येकाला एक तास? पाळकसाहेबांनी बजावलं होतं की शंका धरायची नाही, तो बरा होणारच. वहिनीचा तास आठ ते नऊ. त्यात एकदा तिच्या मनात आलं, हा वाचला नाही तर? बस, एवढंच. आता तिने डोक्यात घेतलंय की साखळी तिथे तुटली आणि दादा तिच्यामुळे गेला. परवा मला म्हणाली, "माझ्या एका शंकेसाठी त्याने त्यांना नेलं असेल, तर असा देव मला नको. आणि त्यासाठी नसेल नेलं, तर मग कशासाठी, ते तरी सांग."

मी भांडी विसळत राहिले.

मग चौकशीला लागले. चर्चच्या दारावरचा तासांचा तक्ता काढून घरी आणला, कुणाला सांगू नकोस. पोस्टमनकाकांचा तास दहा ते अकरा. त्यांना पेंग आली होती, हे त्यांच्या बायकोकडून कळलं. ते म्हणतात, डोळे मिटले होते. पाळकांच्या बाईंनी कबूल केलं की त्यांची प्रार्थना अर्ध्यातून मुलाच्या परीक्षेकडे वळली. बाकीचे सगळे शहाण्यासारखे वागले, किंवा तसं सांगतात.

मग संशय तुझ्यावर आला. रागावू नकोस. तीन ते चार तुझा तास. तू तिकडे तुझ्या घरी, मी इथे त्याच्या खाटेशी. साडेतीनला त्याचं कण्हणं थांबलं, कपाळावरच्या आठ्या गेल्या. मला वाटलं, ताईचं ऐकलं, आता हा उठून बसतो. तो काही उठला नाही. पुढे साडेचारला मी तुला फोन लावला. मी नुसतं "ताई" म्हटलं, आणि तू विचारलंस, "शांतपणे गेला ना गं?" तो गेला हे तुला कुणी सांगितलं होतं?

तो चार वाजून दहा मिनिटांनी गेला. आता तू विचारशील, चार ते पाच कुणाचा. इतका वेळ सगळ्यांचे तास मोजून दाखवले, तेवढाच टाळला.

माझा होता. पाळकसाहेबांनी शिकवलं होतं तसंच मी सुरू केलं, बरा कर, उठव, बरा कर, उठव. दादाने माझं बोट धरलं. "पुरे गं," म्हणाला. मग मी म्हटलं, प्रभू, याला ने. नुसतं मनात नाही, तोंडाने म्हटलं. दहा मिनिटंही लागली नाहीत.

सगळे म्हणतात देवाने ऐकलं नाही, आणि मी मान डोलावते. ताई, मला भीती वाटते ती त्याने ऐकलं याची. एवढ्या जणांना बाजूला सारून माझं ऐकायला मी त्याची लाडकी कधीपासून झाले? बाबा बरे व्हावेत म्हणून दोन वर्षं मागत राहिले, तेव्हा वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि आता दहा मिनिटांत? की न्यायचं आधीच ठरलं होतं, आणि मला उगाच मध्ये ओढलं? रोज त्याला विचारते. तो बोलत नाही. तरी विचारायला मी दुसऱ्या कुणाकडे जात नाही, हेही तितकंच खरं.

पुढच्या रविवारी, चर्चच्या आधी, वहिनीला सगळं सांगणार आहे. कदाचित ती मला दाराबाहेर काढेल. काढू दे. दुसऱ्याच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी तिने स्वतःच्या गठ्ठ्यावर लावून घेतली आहे, आणि ते मला रोज दिसतं.

त्याआधी मला एवढंच कळव की तीन ते चार तू काय मागितलंस. फोनवर नको, लिहून. फोनवर तू रडतेस आणि विचारलेलं राहून जातं. माझी समजूत घालू नकोस, खरं लिही. तूही तेच मागितलं असशील, तर त्या दारात आपण दोघी उभ्या असू. नसशील, तर तसं लिही. मी एकटी जाईन.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझ्यानंतरच्या तासाची,
तुझी धाकटी