दाराला टेकलेला ड्रम

मंगळवार, संध्याकाळ

अक्काच्या अपार्टमेंटची अग्निसुरक्षा तपासणी उद्या सकाळी आहे. सोसायटीच्या सचिवांनीच आत्ता फोनवर पक्कं सांगितलं. वर म्हणाले, "लई टेन्शन घेऊ नका, साहेब. सकाळी ड्रम गच्चीवर नेतो, तपासणी झाली की परत जागेवर."

दुपारी अक्काकडं गेलो होतो. चौथ्या मजल्यावर जिन्याचं लोखंडी दार सताड उघडं. ते मिटू नये म्हणून त्याला पाण्याचा निळा ड्रम टेकवलेला. आग लागली तर धूर जिन्यात शिरू नये, म्हणून ते दार आपोआप मिटायला हवं. पण नळाला आठवड्यातनं एकदा पाणी, मग ड्रम ठेवायचा कुठं? तेही खरंच.

तळमजल्यावर जिन्याखाली दोन इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेल्या. वायर हाताला गरम लागली.

मी ड्रम सरकवायला गेलो, तर अक्का म्हणाली, "सरकव की. पाणी तुझ्या बैठकीत आणून ठेवते." शेजारीण हसली. मीही हसलो. का हसलो?

गुडघ्यांमुळं अक्का एकेक पायरी भिंत धरून उतरते. धूर तिला तेवढा वेळ देईल?

आमच्या पेपरात बातमी लावावी का? लावली तर ड्रम चार दिवस हलतील, एवढंच.

उद्या तपासणीत दार नीट मिटेल, शेराही चांगला मिळेल. दुपारी टँकर यायचा आहे. संध्याकाळपर्यंत भरलेले ड्रम दाराला टेकतील, खाली स्कूटर चार्जिंगला लागतील. आणि अक्का नेहमीसारखी लवकर झोपेल.