दोन दारांची तक्रार

आप्पा,

पोलिसांनी आमचं दार फोडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मधल्या काळात तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही, आणि आज बसले आहे ती ठाण्यात फौजदारासमोर तक्रार घेऊन बसावं तशी. हे पत्र कुठल्याही पेटीत पडणार नाही, त्यामुळे शब्द जपून वापरायचं कारण नाही. तसे ते मी कधी वापरलेही नाहीत. मुलगी गोड बोलायला शिकेल म्हणून तुम्ही मला नन्सच्या शाळेत घातलंत, आणि मी शिकले ती तोंडावर बोलायला, तेही दोन भाषांत.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी ऑकलंडला मुलाकडे असते, न्यू लिन भागात. एकाच ड्राइव्हवेवर दोन घरं आहेत. पुढचं आमचं, मागचं एका माओरी बाईचं, माझ्याच वयाची आहे ती. दोन्ही घरांचा नंबर एकच, तिच्या नंबरापुढे फक्त एक 'ए'. इथे आपल्या बहुतेक लोकांना पुढचं दार वापरायची सवयच नाही. गाडी गॅरेजमध्ये लावायची आणि तिथूनच घरात यायचं. त्यामुळे पुढच्या दाराच्या आतला चिंचोळा बोळ नुसता पडून असतो. पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला यावं म्हणून सुनेने देवघर तिथेच मांडलं, दाराला पाठ टेकवून. पुण्याहून सामानातून आणलेलं सागवानी देवघर. मी तेव्हा म्हटलं होतं, "अगं, देवांच्या पाठीमागे दार?" ती म्हणाली, "आई, ते दार उघडणार कोण आहे?"

सकाळची वेळ. मी चहाचं आधण ठेवते आहे, नात टेबलाशी टोस्ट कुरतडते आहे, मुलगा-सून नुकतीच कामाला गेली आहेत. बेल नाही, थाप नाही, हाक नाही. लोखंडी ओंडक्याने दार आत येतं, देवघर आडवं होतं आणि त्याच्यावरून बूट येतात. "पोलीस!" असं ओरडतात ते आत आल्यानंतर. नात टेबलाखाली. मी आधी शेगडी बंद केली, मग वर्गातल्या ननच्या आवाजात विचारलं, "यंग मॅन, तुम्हाला कोण हवंय?" त्याने नाव सांगितलं ते मागच्या बाईच्या भाच्याचं. तो वर्षापूर्वीच ख्राइस्टचर्चला बांधकामाच्या कामावर गेलेला. त्यांच्यातला एक बाहेर जाऊन नंबर बघून आला, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि जसे आले तसे आडव्या देवघरावरून निघून गेले. मग खिडकीतून मी बघते आहे, त्याच ओंडक्याने ते तिचं दार फोडताहेत. आप्पा, ते दार नुसतं लोटलेलं होतं. दिवसा ती कधी कुलूपच लावत नाही.

पूजा व्हायची होती माझी. थोडा वेळ गेला असता तर मी तिथेच पाटावर बसलेली असते. हे मी मुलाला सांगितलं नाही, ते त्याचं त्यालाच सुचलं आणि तो बराच वेळ पडलेल्या दाराकडे बघत उभा राहिला. बाळकृष्ण चपलांच्या रॅकखाली गेला होता, तो नातीने शोधून काढला. तेव्हापासून ती त्या बोळात जात नाही. मला विचारते, "आजी, विल दे कम अगेन?" नाही येणार, असं मी अजून तिला सांगितलेलं नाही. मला माहीत नसलेली गोष्ट मी सांगत नाही.

काही दिवसांनी त्यांचा वरचा अधिकारी घरी आला. बूट बाहेर काढून आला, हे मान्य करते. दार नवीन बसवून देऊ, मनापासून माफी मागतो, ठाण्यावर येऊन एक छोटी बैठक करू, तिथे सही केलीत की प्रकरण मिटलं. वर म्हणाला, "तुमचं इंग्लिश फार छान आहे हं."

"थँक यू. तुमचंही बरं आहे," मी म्हटलं. "आता सांगा, हाक न मारता घुसायची परवानगी कुणी मागितली आणि कशाच्या जोरावर?"

आवाज दिला असता तर आतल्यांनी पुरावा नष्ट केला असता, अशी त्यांना शंका होती म्हणे. आणि दार आतून बॅरिकेड केलेलं होतं, म्हणून जास्त बळ वापरावं लागलं, अशी त्यांच्याकडे नोंद आहे. देवघराला बॅरिकेड! मी त्याला बोळात नेऊन समई दाखवली, वाकलेली. म्हटलं, "ही आमची तटबंदी." तो लाल झाला. चूक कुणा एकाची नाही, यंत्रणेची आहे, म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या देवांवरून यंत्रणा चालत गेली नाही. त्या बुटांत पाय होते." मग मी मागच्या घराचं विचारलं. तिच्या दाराला अजून प्लायवुडची फळी ठोकलेली आहे, घरमालक बघतो म्हणतो आणि बघत नाही. अधिकारी शांतपणे म्हणाला, "तिकडून काही तक्रार आलेली नाही."

तेव्हा मला तुम्ही आठवलात, आणि ते आठवणं चांगलं नव्हतं.

तुम्ही फौजदार; घराची झडती कशी घ्यायची, हे जेवताना आम्हाला सांगायचात. दोन पंच बरोबर घ्यायचे, घरातल्या बायकांना बाजूला व्हायला वेळ द्यायचा, आणि उंबऱ्यावर हात वर करून म्हणायचं, आधी माझी झडती घ्या. मला केवढा अभिमान वाटायचा! एकदा तालुक्याच्या गावी तुमच्या माणसांनी चुकून एका मास्तरांचं दार फोडलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः सुतार घेऊन गेलात आणि दार बसेपर्यंत भर गल्लीत, वर्दीत उभे राहिलात. दुपारी घरी येऊन ते तुम्ही सांगता आहात, आई चुलीशी भाकरी थापते आहे. ती वर न बघता विचारते, "आणि मागल्या महिन्यात पारध्यांच्या पालांवर गेला होतात, तिथे नेला होता का सुतार?"

"तिथे दारं कुठे होती?" तुम्ही म्हणालात.

आईने भाकरी तव्यावर टाकली. तुम्ही ताट सरकवून उठलात, आणि मला वाटलं, आई उगाच टोचून बोलते. मास्तरांनी पुढे तक्रार केली असती, वरपर्यंत गेले असते. पालांतली माणसं कुठे जाणार होती? हे कळायला मला या वयात स्वतःचं दार फोडून घ्यावं लागलं.

मुलगा म्हणतो, "आई, प्लीज, सोड ना आता. दार देतायत, सॉरी म्हणतायत. इथे कितीतरी लोकांना एवढंही मिळत नाही."

"म्हणूनच सोडणार नाही," मी म्हटलं. तो हात जोडून आत निघून गेला.

मग मी मागे गेले. त्या बाईने दारावरची फळी सरकवून मला आत घेतलं. सगळं ऐकून हसली. "तुझ्याकडे बूट काढून आले, एह? तुझे देव भारी दिसतात." मग हसू गेलं. तिच्या आईच्या घरातही पोलीस असेच शिरले होते. तक्रार केली की पुढच्या वेळी पोरांना रस्त्यात जास्त अडवतात, भाच्याचं काय होईल, म्हणाली. तिची भीती खोटी आहे असं मी म्हणू शकले नाही. मी इतकंच म्हटलं, "बोलणं माझ्यावर सोड. तू नुसती शेजारी बस. मी एकट्या माझ्या दारासाठी सही करणार नाही." चार वेळा गेले, चार वेळा चहा प्याले. काल ती म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, ठरलं. येते. पण कोट तू घालायचा नाहीस, बँकवाली दिसतेस." मी कोटच घालणार आहे.

उद्या बैठक आहे. माझ्या अटी तीन: बॅरिकेड हा शब्द त्यांनी नोंदीतून काढायचा, पत्ता कुणी तपासला नाही ते सांगायचं, आणि माफी मागायची ती दोन्ही दारांची, एकाच टेबलावर. यातलं एक जरी राहिलं तरी सही नाही. मग ते प्रकरण जिथे न्यावं लागेल तिथे नेईन. मला वेळच वेळ आहे.

एक मात्र आहे, आप्पा. काल चहा पिताना तिने सहज विचारलं, "तुझा बाप काय करायचा?" मी म्हटलं, "सरकारी नोकरी." ती मान हलवून बिस्किटं काढायला गेली. उद्या गाडीत बसण्याआधी मी तिला खरं सांगणार आहे. ऐकून ती परत फिरली तर मी एकटी आत जाईन, पण तक्रार दोन्ही दारांचीच करीन. काल मी बोलले नाही ते तुमची लाज वाटली म्हणून, की तिने उठून जावं असं मला वाटत नव्हतं म्हणून, ते अजून माझं मलाच नीट सांगता येत नाही.