चौरसातला चौरस

केंब्रिज
१४ ऑक्टोबर २००६

तीर्थरूप आप्पा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? आईला सांगा, मेतकूट पोचलं. इथे थंडी सुरू झाली, हीटिंग लावलंय.

दर रविवारी फोनवर तुम्ही ऑफिसचं विचारता आणि मी "ठीक" म्हणते. आप्पा, सॉफ्टवेअरची नोकरी मी फेब्रुवारीतच सोडली. ट्रेननं पाऊण तासावर एक जुनं, प्रचंड चर्च आहे. तिथे दगडकामाच्या यार्डात मी शिकाऊ पाथरवट आहे.

पत्र फाडू नका. पुढचं वाचा.

वादळात चर्चच्या छतावरचा एक टोकदार दगडी सुळका कोसळला. तसाच नवा घडवायचा होता, पण नकाशा कुठेच नाही. जागेवर उरली ती फक्त चौकोनी बैठक. आमचे मुख्य कारागीर डेरेक मला म्हणाले, "बैठक आहे ना? बाकीचं त्यातूनच काढ."

पाचशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांना आकडेमोड लागत नसे. कंपास आणि काटकोनाचा गुण्या, बस्स. बैठकीएवढा चौरस काढायचा, चारही बाजूंचे मध्य जोडायचे, की आत तिरका, बरोब्बर निम्म्या क्षेत्रफळाचा चौरस येतो. त्याच्या आत आणखी एक. वरच्या प्रत्येक भागाची रुंदी त्यातूनच मिळते. मी तीन दिवस फरशीवर ओणवी होऊन रेघा मारल्या. मग ढिगाऱ्यात सापडलेला सुळक्याचा मधला तुकडा त्यावर ठेवला. कडेला कड बसली!

डेरेकनी वाकून त्या कडेवरून बोट फिरवलं. "हे कुठे शिकलीस?"

"घराण्यातच आहे," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

तुम्ही ते कधी सांगू दिलं नाहीत. आजोबा खाणीच्या धुळीनं खोकून खोकून गेले, हेसुद्धा मला शशीआत्याकडून कळलं. हातावरचे घट्टे लपवत तुम्ही इंजिनिअर झालात, ते माझ्या हातात छिन्नी येऊ नये म्हणून. कळतं मला. पण आजोबांना दगडाशिवाय दुसरं काही करायची मुभाच नव्हती. मला होती, आणि मी दगड निवडला.

धुळीसाठी मास्क लावते, विसरत नाही. काल तीन वर्षांच्या करारावर सही केली. गुरुवारी सुळका वर चढवायचाय, तेव्हा मी परांचीवर असेन.

रागवा, हवं तेवढं रागवा. पण माझ्यामुळे कुणापुढे मान खाली घालू नका. मी घातलेली नाही.

तुमची मुलगी,
वैभवी, पाथरवट